‘ङ’ला नोकरी लागते

माझ्या साळ्याचं लग्न जमलं ते माझ्यामुळे. सासुरवाडीत ही गोष्ट कोणीच नाकारत नाही. फक्त सांगताना सगळे माझ्याकडे पाहायचं टाळतात, आणि सांगून झालं की बायका तोंडाला पदर लावतात. (सासरेबुवा दुपट्टा लावतात.)

मी गोंदियात एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. गोंदियात मराठी शिकवणं काय असतं, हे ज्याने शिकवलंय त्यालाच ठाऊक. मी फळ्यावर ‘अलंकार’ लिहून वळलो की मागच्या बाकावरून आवाज येतो, "सर, ये वाला पार्ट इम्पॉर्टंट है क्या?" अशा हवेत माणसाला काहीतरी लागतंच. कोणाला सुपारी-तंबाखूचा खर्रा लागतो, कोणाला प्लॉट घ्यायचा नाद लागतो. मला शब्दांची मुळं शोधायचा नाद लागला.

अडकित्ता कन्नडातून आला, तुरुंग पोर्तुगिजांनी दिला, खुर्ची अरबी आहे, हे कळल्यापासून मला शांत बसवत नाही. समोरच्यालाही मी बसू देत नाही. सुनंदा, म्हणजे माझी बायको, म्हणते, "लोकांचे नवरे बाजारातून भाजी आणतात. आमचे भाजीचं मूळ आणतात, अन् पिशवी तिथंच विसरतात!" ही शुद्ध अतिशयोक्ती आहे. पिशवी मी एकदाच विसरलो. आत पत्ताकोबी होती, आणि तीही मुळात पोर्तुगीजच निघाली.

एकदा तर मी सासरेबुवांना, हरिचंदजींना, धानाच्या बांधावर गाठलं आणि सांगितलं की तुमच्या हातातलं घमेलं हा पोर्तुगीज शब्द आहे. त्यांनी घमेलं उलटं करून नीट पाहिलं.

"असन बापू," ते म्हणाले, "बुडाले भोक पडलं आहे. त्याइले सांगून पाहा, बदलून देतेत का."

तर इथपर्यंत सगळं आटोक्यात होतं. मग आमच्या कॉम्प्युटरच्या सरांनी मला ब्राउझरमधली एक सोय दाखवली, आणि जग बिघडलं. सेटिंगमध्ये जाऊन एखाद्या अक्षराला एखादी साइट नेमून देता येते. मग वरच्या पट्टीत ते अक्षर लिहायचं, एक जागा सोडायची, हवा तो शब्द लिहायचा, आणि एंटर! ब्राउझर कुठेही न भटकता थेट त्या साइटच्या पोटात शिरून तो शब्द शोधून काढतो. मी ‘व’ला व्युत्पत्तीचा कोश नेमला. व, जागा, शब्द, एंटर. पूर्वी एका शब्दासाठी कपाटावरून कोश उतरवावा लागे, धूळ झटकावी लागे, शिंकावं लागे. आता घरच्यांना छळायला मला एक बोट पुरू लागलं.

ही युक्ती मी माझ्या साळ्याला, प्रीतमला, मोठ्या मनाने शिकवली. (साळा म्हणजे बायकोचा भाऊ. पुण्याकडे त्याला मेहुणा म्हणतात. त्या शब्दाचं मूळ मला माहीत आहे, पण ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. तेवढी अक्कल मला आहे, हे पुढचं वाचताना लक्षात ठेवा.) दवनीवाड्याला घराच्या पुढच्याच खोलीत प्रीतमचं दुकान आहे. गाव त्याला ‘प्रीतमचं ऑनलाइन’ म्हणतं. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक लॅमिनेशनचं यंत्र. गावात कोणाचा कोणताही कागद असो, तो प्रीतमच्या खोलीतून जातो आणि जाताना प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून जातो.

मी दिलेल्या दिव्य युक्तीचा उपयोग प्रीतमने कशासाठी केला? ‘ध’ला सरकारी खरेदीसाठी धानाची नोंदणी. ‘स’ला सातबारा. ‘व’ला विजेचं बिल! भाषेचं एवढं मोठं दालन उघडून दिलं, आणि हा पठ्ठ्या तिथे मीटरचा नंबर टाकत बसला. पण गावात त्याचं नाव झालं. "प्रीतम एक अक्षर दाबते, अन् काम होऊन जाते," असं लोक म्हणू लागले.

नाव झालं, पण लग्न होईना. प्रीतमने तिशी ओलांडली होती. पोरगा दिसायला बरा, निर्व्यसनी, स्वतःचं कमावणारा, बोलायला गोड. मुलीकडचे लोक येत, पोहे खात, घर पाहत, आणि शेवटी विचारत, "सरकारी आहे का?" मग "कळवतो" म्हणून जात. कळवत कोणीच नसे. सासूबाईंनी तर ‘कळवतो’ या शब्दाची धास्तीच घेतली होती. बँकेतून कोणी साधं "नंतर कळवतो" म्हटलं तरी त्यांचा चेहरा पडे.

अशात चिचगडहून स्थळ आलं. मुलगी चेतना, बीएस्सी झालेली. वडील नामदेवराव, त्यांचं चिचगडला किराण्याचं दुकान आणि धानाची शेती. त्यांनी निरोप दिला होता की नोकरी नसली तरी चालेल, पण पोरगा आपल्या धंद्यात पक्का पाहिजे. प्रीतमने मला बाजूला घेतलं. मोबाइलमधला फोटो दाखवला आणि लगेच खिशात टाकला.

"भाऊजी, हे व्हायला पाहिजे," तो म्हणाला. एवढंच. पण त्याचा आवाज असा काही झाला की मला गलबलून आलं. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, "मी आहे ना!"

हे वाक्य घरात अजून अधूनमधून उच्चारलं जातं.

पाहुणे मंडईच्या दिवशी येणार होते. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, आणि प्रत्येक गाव आपला दिवस वेगळा धरतं, म्हणजे सोयऱ्यांना सगळीकडे जेवायला जाता येतं. झुले, जिलेबी, बांगड्यांची दुकानं, दंडारीची नाचगाणी, आणि या सगळ्याच्या आडून सोयरीक. मुलगा पाहायला आलो, असं कोणी म्हणत नाही. "मंडईले आलो" म्हणायचं, आणि घर, गोठा, माणसं, सगळं डोळ्यांखालून घालायचं.

मी आणि सुनंदा आदल्या दिवशीच पोचलो. आता, आमच्याकडे जवाई सासुरवाडीत शिरला की त्याला उठ म्हणायची, नको म्हणायची किंवा ‘हे काय करताय’ असं विचारायची सोय नसते. पंख्याखालची खुर्ची त्याची. गरम भजं आधी त्याचं. तो विहिरीत डोकावला तर सगळे म्हणणार, "जवाईबापू, सांभाळून डोकवा हो!" डोकावू नका, असं कोणी म्हणणार नाही. लोक या पद्धतीला मान म्हणतात. या मानाने पुढे काय केलं ते येईलच.

दुपारी प्रीतम मंडईचा मंडप बांधायला गेला. "दुकानात बसतो मी," असं मी म्हणालो, आणि अर्थातच कोणी नको म्हणालं नाही. बसल्या बसल्या ‘मंडई’चं मूळ पाहावं म्हणून मी व लिहिला, जागा सोडली, मंडई लिहिलं, एंटर दाबलं. उत्तर आलं: ग्राहक क्रमांक चुकीचा आहे!

मला फार लागलं. ‘व’वर पहिला हक्क कोणाचा? ज्याने युक्ती शिकवली त्याचा. मी सेटिंग उघडून ‘व’ला पुन्हा व्युत्पत्तीच्या कोशावर आणलं. मग हात थांबेना. ‘स’ला मी संस्कृतचा कोश दिला. ‘ध’ला संस्कृत धातूंचा. पण मी काही निष्ठुर माणूस नाही. प्रीतमची कामं अडू नयेत, म्हणून त्याच्या साइट मी अशा अक्षरांना दिल्या जी कोणीच वापरत नाही. धानाची नोंदणी ‘ङ’ला. सातबारा ‘ञ’ला. विजेचं बिल ‘ऋ’ला. ‘ङ’ बिचारा पिढ्यानपिढ्या वर्णमालेत नुसता बसून होता. शाळेत मुलं त्याच्यावरून उडी मारून पुढे जातात. त्याला मी रोजगार दिला! मला स्वतःबद्दल इतकं चांगलं फार दिवसांनी वाटलं होतं.

प्रीतमला हे सांगायचं होतंच. पण तेवढ्यात सासूबाईंनी मिरचीची भजी आणली, आणि राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. नामदेवराव, त्यांच्या मागे चेतना आणि तिची आई. चहा झाला, पाऊस-धानाच्या गोष्टी झाल्या. मग नामदेवराव उठले, हात पाठीमागे बांधले आणि म्हणाले, "चला, आता पोराचं दुकान पाहू. दुकानदार मानूस मीही आहो. दुकान कसं चालते ते पाह्यलं का मानूस समजते."

खोलीत दशरथभाऊ आधीच उभे होते. शेजारचेच. प्रीतमने खुर्ची ओढली, ताठ बसला. दारात सासरेबुवा, सासूबाई, चेतना, तिची आई. मी अर्थातच सगळ्यात पुढे.

"प्रीतम," दशरथभाऊ म्हणाले, "माह्या धानाची नोंदनी झाली का पाह्य बरं गा. अन् सातबारा काढून दे. लाइटचं बिलही पाहून घे."

तीन कामं! मला तर हा शुभशकुनच वाटला. प्रीतमने एकदा हळूच चेतनाकडे पाहिलं आणि खटकन ‘ध’ दाबला, दशरथभाऊंचं नाव लिहिलं, एंटर.

पडद्यावर आलं: असा धातू नाही. कृपया क्रियापद द्या.

दशरथभाऊंनी डोळे बारीक करून वाचलं. "कोनतं क्रियापद गा? मी तं आधार कार्ड आनलं!"

"थांबा भाऊ, साइट स्लो असन," प्रीतम म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम दिसू लागला. त्याने ‘स’ दाबला. सातबाऱ्याऐवजी आलं: दशरथ, ज्याचा रथ दहा दिशांना फिरतो तो.

"आता हे काय?" दशरथभाऊ ओरडले. "माह्या सातबाऱ्यावर रथ कोनं चढवला? माह्यापाशी एक सायकल आहे, तेही पंचर! रथ दाखवला तं राशन बंद होईन ना माहं!"

"नाही चढला भाऊ, नाही चढला."

"खोडून टाक पहिले! दहा दिशा म्हन्ते! मी तिरोड्याच्या पुढं गेलो नाई कधी!"

प्रीतमने घाईघाईने ‘व’ दाबला आणि बिलाचा ग्राहक क्रमांक टाकला. कोशाने नम्रपणे कळवलं की या शब्दाची व्युत्पत्ती उपलब्ध नाही.

"म्हंजे बिल नाई आलं ना?" दशरथभाऊंचा चेहरा उजळला. "बेस झालं. हे प्रिंट काढून लॅमिनेशन करून दे."

नामदेवराव शांतपणे पाहत होते. मग त्यांनी विचारलं, "रोज असंच चालते का?"

"नाही जी, आज काय झालं काय मालूम…" म्हणत प्रीतमने मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं. त्याला कळलंय हे मलाही कळलं. त्या क्षणी तो म्हणू शकला असता की हे काम या माणसाचं आहे, धरा याला. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता. पण मी जवाई होतो. प्रीतम एवढंच म्हणाला, "होईल ठीक."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसणं मला जमत असतं तर ही आठवण लिहायला उरलीच नसती.

"ऊठ प्रीतम!" मी म्हणालो. "मी करतो."

"राहू द्या ना भाऊजी."

"अरे ऊठ!"

तो उठला. मी बसलो. सोपं काम होतं: ‘ङ’ दाबायचा, धानाची नोंदणी उघडायची, पोराची अब्रू वाचवायची. मी ‘ङ’ शोधू लागलो. की-बोर्डवर ‘ङ’ नव्हता! आदल्या दिवशी मी तो कोशाच्या एका पानावरून उचलून आणला होता, हे तेव्हा आठवलं. ज्याला कालच नोकरी लावली, तो पहिल्याच दिवशी गैरहजर. ‘ञ’चाही पत्ता नाही. ‘ऋ’ कुठेतरी होता, पण घाईत दर वेळी ‘रु’ उमटत होता.

पाहुण्यांना तोवर गुंतवून ठेवावं म्हणून मी बोलू लागलो. (बोलणं हे माझं संकटातलं औषध आहे. संकटही बहुतेक वेळा त्यातूनच आलेलं असतं.)

"नामदेवराव, बिघडलेलं काही नाही. ही खास सोय आहे. कोणत्याही शब्दाचं मूळ निघतं. विचारा एखादा शब्द!"

नामदेवरावांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "जवाई," ते म्हणाले.

मी व, जागा, जावई, एंटर केलं. "हे पाहा! मूळ शब्द जामाता. आपल्या जुन्या पंडितांनी तो फोडून सांगितलाय. ‘जा’ म्हणजे अपत्य, आणि त्याचा निर्माता तो जामाता. म्हणजे जवाई हा एका अर्थी नातवंडांचा कारखानदार!"

चेतनाची आई छताकडे पाहू लागली. प्रीतमचे कान लाल झाले. सासूबाई पुढे झाल्या. "जवाईबापू, गरम होऊन राहिलं असन. अंदर चला. कोहळ्याचे गोड बोंडं तळून काढले तुमच्यासाठी."

"येतो, येतो. एवढं झालं की येतो."

दशरथभाऊ तोवर बाहेर जाऊन आले होते आणि एकटे आले नव्हते. प्रीतमचा कॉम्प्युटर नावाचा अर्थ सांगून राहिला, ही बातमी मंडईभर झाली होती. दारात गर्दी जमली. कोणी नाव ओरडून सांगू लागलं, कोणी आडनाव. एकाने बैलाचं नाव सांगितलं. एवढे उत्सुक विद्यार्थी मला उभ्या नोकरीत मिळाले नव्हते! माझा कंठ मोकळा झाला. समोर साळ्याची सोयरीक आहे, हे मी पार विसरलो.

"आता नातीच घेऊ या," मी चेतनाकडे वळून म्हणालो. "तुमच्या कामाचा शब्द. नणंद! मूळ शब्द ननान्दा. न नन्दति, म्हणजे जी कधीच खूश होत नाही ती! वहिनीने कितीही करावं, कितीही रांधावं, तिचं तोंड वाकडंच. आपल्या पूर्वजांचं निरीक्षण पाहा!"

लोक हसले. मीही हसलो. चेतनाने ओठ घट्ट दाबून धरले होते आणि ती माझ्या मागे पाहत होती. मी वळलो. प्रीतमला बहीण एकच. चेतनाची नणंद होऊ शकणारी या पृथ्वीवर एकच बाई होती, आणि ती हातात चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

"आणि सुनंदाचं मूळ," मी घाईघाईने म्हणालो, "सुनंदा म्हणजे पुष्कळ आनंद देणारी…"

"चहा घ्या," सुनंदा म्हणाली. चहा तिने सगळ्यांना दिला. माझ्यापर्यंत येईतो ट्रे रिकामा झाला.

सासूबाई पुन्हा आल्या. "बापू, बोंडं थंडे होऊन राहिले."

"हे काय, आलोच!"

सासरेबुवा उठले आणि आत गेले. क्षणात पंखा थांबला, दिवा विझला. त्यांनी फ्यूज काढून बंडीच्या खिशात घातला होता! जवाईला उठवायचा हा एकच सभ्य मार्ग त्यांना उरला होता. पण कॉम्प्युटर चालूच राहिला, कारण त्याला बॅटरी होती. ‘लाइट गेली तरी काम अडायला नको, घ्याच!’ म्हणून मागच्या वर्षी ती मीच घ्यायला लावली होती. सासरेबुवा परत आले, त्यांनी उजळलेला पडदा पाहिला, बॅटरीकडे पाहिलं, आणि पायरीवर बसून घेतलं.

अखेर माझ्याही लक्षात आलं की प्रकरण हाताबाहेर जातंय. सगळं पूर्ववत करावं म्हणून मी पुन्हा सेटिंगमध्ये शिरलो. तिथे एक बटण होतं, ‘सगळं मूळ स्थितीला आणा’. मूळ! हा शब्द दिसला आणि मी मोहात पडलो. दाबलं. शहाण्यासारखा ‘नक्की का?’ असा प्रश्न आला. मी म्हणालो नक्की.

माझी अक्षरं गेली. प्रीतमची अक्षरं गेली. कसला तरी डेटा पुसू का, असा आणखी एक प्रश्न आला. त्यालाही मी हो म्हणालो. मग प्रीतम ज्या ज्या साइटवर आत होता, त्या सगळ्यांनी त्याला बाहेर काढलं आणि पासवर्ड मागायला सुरुवात केली.

प्रीतम पुढे आला. मला वाटलं, आता हा बोलणार, आणि बोलायलाच हवं.

"असू द्या भाऊजी," तो म्हणाला. "होते असं. चला, जेवून घ्या. दशरथभाऊ, तुमचं काम उद्या सकाळी करून देतो, तुमच्या घरी आणून देतो."

"उद्या येऊ नको," दशरथभाऊ म्हणाले. "तुह्या भाटव्याले पहिले गोंदियाच्या गाडीत बसव. मंगच माहं आधार कार्ड बाहेर निघन." (आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याला भाटवा म्हणतात. त्याचं मूळ इथे देणार होतो, पण हे लिहिताना सुनंदा खांद्यावरून वाचते आहे.)

पाहुणे जेवले. मंडई फिरले. निघताना नामदेवराव चप्पल घालत म्हणाले, "बरं, कळवतो."

सासूबाई तशाच दाराला टेकून उभ्या राहिल्या. त्या दिवशी जेवताना त्यांनी मला दुसऱ्या बोंडाचा आग्रह केला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला त्याच वेळी कळलं की मी काय करून बसलो. प्रीतम दुकानात एकटा बसून एकेक पासवर्ड पुन्हा टाकत होता. मी जाऊन त्याच्या बाजूच्या स्टुलावर बसलो. काय बोलावं ते सुचेना. माझ्यासारख्या माणसाला शब्द सापडू नये!

"प्रीतम, चुकलं रे माझं."

"कायले मनाला लावून घेता भाऊजी," तो म्हणाला. "व्हायचं असन तं होईन." आणि त्याने खिशातल्या मोबाइलवर हात ठेवला, ज्यात तो फोटो होता. मला खरोखर रडू आलं. सुनंदा दारातून पाहत होती. तिचा राग गेला नव्हता, पण ती मला उठवायला आली नाही, हे मी त्यातल्या त्यात भाग्य समजलो.

सकाळी आम्ही निघायच्या तयारीत होतो, तोच सासरेबुवांचा फोन वाजला. चिचगड! त्यांनी स्पीकर लावला. सगळं घर फोनभोवती गोळा झालं.

"हरिचंदजी," नामदेवरावांचा आवाज आला, "आमाले सोयरीक पसंत आहे."

सासूबाई मटकन खाली बसल्या. सासरेबुवांना दोन वेळा विचारावं लागलं, "पसंत म्हंजे… हे कळवनं झालं ना?"

"हो, कळवूनच राहिलो."

"पन दुकान तं तुमी नीट पाह्यलंच नाई जी. काल त्या कॉम्प्युटरचं जरा…"

"दुकान कायले पाहू? मी पोरगा पाह्यला," नामदेवराव म्हणाले. "खरं सांगू का, राग नका मानू. तुमच्या त्या जवायानं काल त्याचा सारा धंदा मोडून ठेवला. भर मंडईत, सोयऱ्याइच्या समोर. मी नुसता उभा होतो तरी माहे हात शिवशिवून राहिले होते. अन् ह्या पोरानं एक शब्द वाकडा काढला नाई. ‘असू द्या भाऊजी’ म्हनाला अन् जेवायले घेऊन गेला. आमची चेतना गाडीतच म्हनाली, बाबा, जो मानूस ह्या भाऊजीले सहन करते, तो मले कधी तरास देईन का?"

मग सुनंदा पहिल्यांदा हसली. तिच्या मागून सासूबाई. सासरेबुवांनी दुपट्टा तोंडाला लावला. प्रीतम तर हसत हसत बाहेर पळाला. मी फोनकडे पाहत उभा होतो. माझ्या डोळ्यांत आनंदाश्रू होते, असं मी सर्वांना सांगितलं.

लग्न उन्हाळ्यात थाटात झालं. जवाई म्हणून मला अगदी पुढे, मोठ्या सोफ्यावर बसवलं. माइक दुसऱ्या टोकाला होता, आणि त्याच्या बाजूला नामदेवराव स्वतः लग्न लागेपर्यंत उभे होते.

पुढच्या मंडईला आम्ही पुन्हा दवनीवाड्याला गेलो. आता दुकान प्रीतम आणि चेतना दोघं मिळून चालवतात. मी आल्या आल्या चेतनाने हसून खुर्ची पुढे केली. "बसा ना भाऊजी. तुमच्यासाठी मी वेगळं खातं करून ठेवलं आहे कॉम्प्युटरवर. तुमची सगळी अक्षरं तुमची."

केवढी समजूतदार मुलगी! मी सुनंदाकडे एक विजयी कटाक्ष टाकला आणि बसलो. व, जागा, ‘कौतुक’, एंटर. पडद्यावर दवनीवाडा ते गोंदिया गाड्यांचं वेळापत्रक आलं. काहीतरी चुकलं असेल म्हणून ‘स’ दाबला. वेळापत्रक. ‘ध’ दाबला. वेळापत्रक. खाली पडद्यावरच अक्षरांचा एक तक्ता तिने खास लावून ठेवला होता, त्यात ‘ङ’सुद्धा होता. शेवटी तोही दाबला. गोंदियाची गाडी!

आतून सगळ्यांच्या हसण्याचा आवाज आला. सगळ्यात मोठा सुनंदाचा. आयुष्यात पहिल्यांदाच मला एखाद्या गोष्टीचं मूळ शोधावं लागलं नाही.